अकरा फुटांची खोली

१

पहिल्या दिवशी खोलीतला पंखा चालू होता की बंद, हे बद्रीनाथ उमराणीकरांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. चालू असेल, तर त्या दिवशीच्या मोजणीला फारसा अर्थ उरत नाही. बंद असेल, तर उरतो. मे महिना होता, म्हणजे चालूच असणार, असे मन सांगते. आणि समोर माइक असताना आपण पंखा चालू ठेवूच देणार नाही, हेही तेच मन सांगते. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी आठवणींतल्या गाळलेल्या जागा आपण स्वतःच भरतो आणि मग त्यांनाच पुरावा समजू लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणून ते पंख्याबद्दल काही बोलत नाहीत.

उमराणीकर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरेट, तीन पाठ्यपुस्तके, छत्तीस वर्षे शिकवणे. आणि तरीही शनिवार पेठेतल्या घरातून बाहेर पडल्यावर कुलूप नीट लागले का, हे बघायला जिन्यावरून दोनदा परत येणारा माणूस. निवृत्तीनंतर एका संगीत मंडळाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देताना ते लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली शिकले. लिनक्सवर ध्वनिमुद्रण करताना काय काय अडते ते शिकता शिकता पुण्यातल्या लिनक्सवाल्यांच्या गटात ते ‘आवाजाचे सर’ होऊन बसले. कुणाचा माइक सापडत नाही, कुणाचा आवाज मधेच तुटतो, कुणाला स्वतःचेच बोलणे हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येते. सर उत्तर लिहीत, चार वेळा खोडत आणि शेवटी ‘माझी चूक होत असल्यास क्षमस्व’ असे जोडून पाठवत.

“उपचाराआधीच माफी मागणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघतेय,” त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणत. “पेशंट पळून जायचा.”

सुदर्शन मात्र पळून गेला नाही. तो पुलगावचा, सव्वीस वर्षांचा, जन्मापासून अंध. कोथरूडला एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर खोली भाड्याने घेऊन राहत होता. पुस्तके वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण विकणाऱ्या एका कंपनीने त्याला एक पुस्तक चाचणीसाठी दिले होते. दहा दिवसांत वाचायचे, स्वच्छ करायचे, पाठवायचे. जमले तर कायमचे काम. नाही जमले तर पुलगावला परत, भावाच्या दुकानात. त्याच्याकडे चांगला संगणक नव्हता. उमराणीकरांनी आपला जुना त्याला द्यायचे ठरवले.

“जाऊन लावून देतो,” ते मंदाकिनीबाईंना म्हणाले. “फोनवर सांगण्यात घोटाळा होईल.”

२

सुदर्शनने दार उघडले आणि चुटकी वाजवली. तशी त्याची सवय होती. चुटकी वाजवायची, तिचा आवाज कसा परत येतो ते ऐकायचे, आणि समोर काय किती लांब आहे ते ओळखायचे. मग हात पुढे करून तो नेमका सरांच्या खांद्यावर ठेवायचा.

“या सर. जिने लय आहेत, नाही?”

“वयाच्या मानाने जास्तच आहेत.”

खोली अकरा फूट लांब, दहा फूट रुंद. एका टोकाच्या भिंतीला टेबल, त्यावर संगणक आणि माइक. समोरची भिंत कोरी. तिच्यापलीकडे काही नाही. इमारत तिथेच संपते.

सरांनी लिनक्स चढवले, प्रणालीचा गाभा म्हणून आवाजाच्या कामाला अग्रक्रम देणारी कर्नल निवडली, आवाज क्षणभर साठवून ठेवणारा बफर लहान केला. पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवणारा यंत्राचा सपाट आवाज सुरू केला. मग शेवटचे काम: खोली मोजणे. ही मोजणी साधी असते. स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज सोडायचा. तो थेट माइकपर्यंत येतो, आणि भिंतीवर आपटून पुन्हा एकदा, जरा उशिरा येतो. किती उशिरा, यावरून भिंत किती लांब आहे ते कळते, आणि घुमणारा आवाज मारायला गोधड्या कुठे टांगायच्या तेही कळते.

टक्.

आलेखावर पहिला उंच सुळका उठला. मग सेकंदाच्या वीस हजारांशानंतर दुसरा, लहान. म्हणजे अकरा फुटांवर भिंत. बरोबर. आणि त्यानंतर एक्केचाळिसाव्या हजारांशाला अगदी बारीक, पण रेखीव असा तिसरा.

उमराणीकरांनी हिशेब केला. तेवीस फुटांवर काहीतरी आहे.

त्यांना क्षणभर बरे वाटले नाही. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. वीस आणि वीस चाळीस. आवाज दोन भिंतींमध्ये दोनदा फिरला असणार. पाठ्यपुस्तकात असते तसेच. एक हजारांश इकडेतिकडे चालतो.

तरी निघताना त्यांनी सुदर्शनला एक काम सांगितले. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला एक बटण दाबायचे. मोजणी होईल आणि फाइल साठवली जाईल.

“आकडा वाचून नाही दाखवणार काय?”

“नाही. आणि मीही बघणार नाही. काम संपलं की सगळ्या एकदम उघडीन. मधे बघितलं की मन आपल्याला हवं तेच शोधतं. छत्तीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो.”

“म्हणजे मी आंधळा आन् माहे आकडेही आंधळे,” सुदर्शन हसला. “चालते जी.”

३

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, उमराणीकर पुन्हा गेले. गोधड्या टांगल्या आणि मोजणी घेतली. भिंतीचा सुळका अपेक्षेप्रमाणे बसला. तिसरा बसला नव्हता. तो चौतीसवर आला होता.

दुहेरी फेरीचा खुलासा तिथेच संपला. भिंती चालत नाहीत.

मग दोष यंत्राचा. माइकची तार बदलली. वाय-फाय बंद केले. बफर दुप्पट केला, निम्मा केला. जुन्या कर्नलवर जाऊन पाहिले. दर वेळी चौतीस. सुदर्शन बाजूला मांडी घालून बसला होता, हातात वाचायच्या पुस्तकाची ब्रेलमधली टिपणे.

“सर, मले वाचायले काही अडचण नाही. आवाज टाइमात येऊन राहिला.”

“अडचण कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.”

“पण उद्या नाही आलात तरी चालेल. या उन्हात कुठं येता.”

“ऊन काय, रोजचंच आहे,” सर म्हणाले. पोराला संकोच वाटतोय, असे त्यांना वाटले.

बुधवारी सत्तावीस.

सत्तावीस म्हणजे पंधरा फूट. समोरच्या भिंतीपलीकडे चार फूट. उमराणीकरांनी कोपऱ्यातली खिडकी उघडली, गज धरून जमेल तेवढे बाहेर वाकले आणि भिंतीच्या मागच्या बाजूला पाहिले. तीन मजले मोकळी हवा. खाली पार्किंगमध्ये स्कूटर, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. घरमालकीण यमुनाबाई वर बघत होत्या.

“अहो आजोबा, पडाल! आपल्याला काय हवंय तिकडे?”

“काही नाही. भिंत बघतोय.”

“भिंत आतून दिसत नाही का?” यमुनाबाई म्हणाल्या आणि चादर झटकायला लागल्या.

४

गुरुवारी तिसरा सुळका नव्हता.

त्यांनी पाच वेळा ‘टक्’ केले. थेट आवाज, मग विसाव्या हजारांशाला भिंत, मग स्वच्छ सपाट रेघ. आदल्या रात्री त्यांनी संगणकाच्या वेळ मोजण्यातली चूक काढणारी एक जुनी दुरुस्ती शोधून काढली होती आणि ती आज संगणकात घातली होती. ती लागू पडली, एवढे सरळ होते.

उमराणीकरांना इतका आनंद झाला की ते तीन मजले उतरून कोपऱ्यावरून पाव किलो पेढे घेऊन पुन्हा वर आले.

“गोधड्या लावून भिंतीचा आवाज कमी केला होता, पण आज तो पुन्हा जरा वाढलेला दिसतो,” पेढा खाताना ते म्हणाले. “तेवढी एक गोधडी नीट ताणा.”

“गोधडी तशीच आहे, सर. हात लावला नाही कोणी.”

“मग हवेतला फरक असेल.”

“सर, तुम्ही लय घाबरता,” सुदर्शन म्हणाला. “पुलगावला माहा काका असाच. गॅस बंद आहे का पाहायले मोर्शीहून परत आला होता.”

सर हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. सुदर्शनने अर्धे पुस्तक वाचून संपवले होते. त्याने एक पान ऐकवले. आवाज भरदार, ठाम, खोलीच्या मानाने मोठा. हा मुलगा इथेच राहणार, पोटापाण्याला लागणार, असे त्यांना त्या क्षणी मनापासून वाटले.

५

शुक्रवारी ते गेले नाहीत. शनिवारी गेले. कारण काही नव्हते. कुलूप लागले का ते बघायला जिन्यावरून परत यावे, तसे गेले.

दार उघडताना सुदर्शनने चुटकी वाजवली आणि तो थबकला.

“काय झालं?”

“काही नाही. खोली लहान लागून राहिली आज.”

“उकाड्याने होतं तसं.”

टक्.

थेट आवाज. मग तेराव्या हजारांशाला एक सुळका. मग विसाव्याला भिंत, गोधडीने दबलेली.

उमराणीकरांनी हिशेब केला. तेरा म्हणजे सात फूट. भिंतीच्या अलीकडे. आणि तो गुरुवारी नाहीसा झालाच नव्हता. एक्केचाळीस, चौतीस, सत्तावीस, मग वीस. गुरुवारी तो नेमका भिंतीच्या जागी होता, म्हणून भिंतीच्या सुळक्यात मिसळून दिसला नाही. म्हणून त्या दिवशी भिंतीचा आवाज वाढल्यासारखा वाटला. त्या भिंतीसमोर बसून त्यांनी पेढे खाल्ले होते.

त्यांनी मान वळवली. सात फुटांवर फरशी होती. फरशीवर उन्हाचा चौकोन आणि सुदर्शनच्या चपला.

“सर, काय दिसते?”

“काही नाही.”

हे खरे होते.

६

रविवारी सहा.

ते मुद्दाम गेले होते. तेराचा आकडा खोटा ठरवायला. दर भेटीला सात हजारांश कमी, म्हणजे चार फूट पुढे. ही मालिका नववीच्या मुलालाही ओळखता आली असती. सहा म्हणजे साडेतीन फूट. त्यांच्या खुर्चीपासून हात लांब केला तर पोहोचेल एवढे. त्यांनी हात लांब केला नाही.

“सुदर्शन, ही खोली सोडा.”

“काहून जी?”

“इथे काहीतरी आहे. काय ते मला सांगता येत नाही. माझी चूक असेल, माझं डोकं असेल. पण तुम्ही इथे राहू नये.”

सुदर्शनने टिपणे बाजूला ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच चिडचिड दिसली.

“मले ह्या खोलीचा काही त्रास नाही, सर. सकाळी उठतो, वाचतो, झोपतो. चांगली खोली आहे. एकट्या आंधळ्या माणसाले पुण्यात खोली कोण देते? सतरा घरं फिरलो मी. बुधवारी पुस्तक द्यायचं आहे. तीन दिवस.”

“तीन दिवसांत काय होईल ते मला माहीत नाही, म्हणूनच म्हणतो.”

घरी आल्यावर त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर आकडे लिहिले. एक्केचाळीस, चौतीस, सत्तावीस, वीस, तेरा, सहा. पुढचा वजा एक. वजा एकला काय अर्थ आहे ते त्यांना ठरवता येईना. आवाज सोडायच्या आधीच तो परत आला, असा? की आता ते माइकच्या समोर उरणार नाही, असा?

मंदाकिनीबाईंनी सगळे ऐकून घेतले. टोमणा मारला नाही, यावरूनच त्या किती काळजीत होत्या ते कळत होते.

“मग उद्या जाऊ नका.”

“त्या आंधळ्या मुलाला तिथे एकट्याला सोडू?”

“तो तिथे एकटाच राहतो, अहो. रोज.”

“म्हणूनच तर जायला हवं,” ते म्हणाले.

७

सोमवारी सकाळी अकराला ते वर पोहोचले. मोजणी घ्यायची नाही, एवढे ठरले होते. फक्त त्याला घेऊन खाली यायचे. यमुनाबाईंशी बोलायचे, रिक्षा करायची, दोन-चार दिवस आपल्या घरी ठेवायचे.

दार उघडेच होते. सुदर्शन टेबलापाशी हेडफोन लावून वाचत होता. त्याचा आवाज लागला होता. त्याला मधेच तोडायचे सरांच्या जिवावर आले, म्हणून ते आपल्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर कुठेतरी टाइल कापायचे यंत्र सुरू झाले आणि थांबले. सुदर्शनने वाक्य संपवले, हेडफोन काढला.

“आलात काय, सर?”

“हो.”

तो उठला. चुटकी वाजवली. भुवया आक्रसल्या. पुन्हा वाजवली. मग नेहमीसारखा हात पुढे करून तो सरांकडे आला.

त्याचा हात थांबला. सरांपासून दीड-दोन फूट अलीकडे, खांद्याच्या उंचीवर.

तळवा हवेत टेकला. टेकला, असेच म्हणावे लागेल; कारण बोटे वाकली आणि काहीतरी गोलसर धरल्यासारखी स्थिर झाली. अंगठा किंचित सरकला, जणू कापड चाचपावे तसा.

“सर,” सुदर्शन म्हणाला, “तुमचा शर्ट ओला कसा काय?”

उमराणीकरांनी आपल्या शर्टाकडे पाहिले. कोरडा होता. ते उत्तर द्यायला गेले आणि त्यांना खोकला आला.

सुदर्शनचा चेहरा खोकल्याच्या दिशेने वळला. आपला हात कुठे आहे आणि खोकला कुठून आला, हे त्याला कळले असावे. त्याने हात झटकन काढला नाही. एकेक बोट उचलले, झोपलेल्याच्या अंगावरून उचलावे तसे, हलके. मग हात छातीशी घेतला.

“सर, तुम्ही जा,” तो हळू आवाजात म्हणाला.

आणि सर गेले. त्याला घेऊन जायला आलेले उमराणीकर त्याला तिथेच सोडून तीन मजले उतरून खाली आले. कठडा धरला होता का, चप्पल घातली होती का, काही आठवत नाही. पार्किंगमध्ये ते उभे राहिले. वरून दार बंद झाल्याचा, कडी लागल्याचा आवाज आला. मग सुदर्शन पायऱ्या मोजत, नेहमीच्या चालीने खाली आला. त्याने खिशातून रुमाल काढून तळवा पुसला.

“बसा, सर. पाणी सांगतो.”

८

सरांनी त्याला त्या खोलीत परत जाऊ दिले नाही. आपला पळपुटेपणा भरून काढायचा म्हणून म्हणा, त्यांनी त्या दिवशी फार आग्रह धरला. यमुनाबाईंशी स्वतः बोलले, सामान काढून आणायला माणूस पाठवला, दुसरी खोली शोधण्यासाठी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. अंध आणि एकटा म्हटल्यावर सगळ्यांनी विचार करून सांगतो म्हटले. शनिवार पेठेतल्या घरात रस्त्याच्या हॉर्नमध्ये ध्वनिमुद्रण होईना. बुधवार आला आणि गेला. कंपनीने दुसऱ्याला घेतले.

गुरुवारी भाऊ त्याला न्यायला आला.

“खोली वाईट नव्हती, सर,” निघताना सुदर्शन म्हणाला. “तुम्ही म्हणता म्हणून सोडली.”

“तो हात विसरलात?”

काहीतरी बोलावे की नाही, असे सुदर्शनच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मग वाकून त्याने सरांना नमस्कार केला आणि भावाचा दंड धरला.

संगणक परत शनिवार पेठेत आला आणि चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. एका मुलाला वाईट जागेतून बाहेर काढले, त्याची किंमत त्याला मोजावी लागली, पण जीव महत्त्वाचा. असे उमराणीकर स्वतःला सांगत राहिले. सुदर्शन भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो, वाचत नाही, असे मधे कळले, तेव्हाही त्यांनी स्वतःला हेच सांगितले. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही घरी जाऊन संगणक लावून दिला नाही. त्या चौदा फाइली त्यांनी उघडल्या नाहीत. आकडे सहाच्या पुढे कुठे गेले, ते त्यांना बघायचे नव्हते.

सहा वर्षांनी, गेल्या दिवाळीआधी, मंदाकिनीबाईंनी माळा रिकामा करायला काढला. संगणक भंगारात देण्याआधी त्यातले काही राहिले का, हे बघायला उमराणीकरांनी तो लावला. फाइली जागच्या जागी होत्या. सोमवार संध्याकाळपासून पुढच्या सोमवार सकाळपर्यंत, रोज सकाळ-संध्याकाळ सातला, न चुकता. त्यांनी तारखा तपासल्या, संगणकाचे घड्याळ तपासले, प्रत्येक आलेख तीन-तीनदा पाहिला. मंगळवारी सकाळची पाहिली, बुधवारची, गुरुवारची, ज्या दिवशी ते भिंतीत असावे, असे त्यांनी शनिवारी ताडले होते. रविवारी त्यांनी सहाचा आकडा पाहिला त्यानंतर आठ तासांनी, संध्याकाळी सातला घेतलेली पाहिली. सोमवारी ते जिना चढले त्याच्या चार तास आधीची पाहिली.

थेट आवाज, मग अकरा फुटांवर भिंत, मग सपाट रेघ. चौदाही वेळा. भिंतीचा सुळका गोधडी लागल्यापासून तसाच दबलेला, गुरुवारीही. उमराणीकर स्वतः हजर असतानाच्या सहा मोजण्या सोडल्या, तर त्या खोलीत सुदर्शनशिवाय कधीच कुणी नव्हते.